सोलापुरात जॅझ गायन आणि आवाजाची शिकवणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात राहून जॅझ गाऊन घर चालतं का?

नुसत्या जॅझच्या तिकिटांवर नाही चालत. मुंबईतही फार थोड्यांचं चालतं. चालतं ते असं: महिन्याची ठरावीक मिळकत शिकवणीतून, तिच्यावर हॉटेलं, लग्नं, कंपन्यांचे कार्यक्रम, कॉलेजांची स्नेहसंमेलनं, अधूनमधून जाहिरातीला आवाज. स्वतःच्या नावावर, निखळ जॅझचा कार्यक्रम वर्षातून दोन-चारच. आधी मैफली आणि गरज पडलीच तर शिकवणी, असा उलटा क्रम धरणारे लवकरच कराओके नाइटवर येऊन थांबतात.

सोलापूरचा फायदा असा की खर्च कमी आणि या कामात स्पर्धा जवळपास नाहीच. शिवाय गाव रेल्वेच्या मुख्य मार्गावर. हुतात्मा एक्स्प्रेस सकाळी पुण्याला नेते आणि रात्री परत आणते, सिद्धेश्वर रात्रीतून मुंबईला पोचवते, हैदराबादही एका रात्रीच्या टप्प्यात. महिन्यातून एकदा पुण्याच्या शिक्षकाकडे जाऊन येणं त्यामुळे जमण्यासारखं आहे.

वर्षाचं गणित मात्र आधीच मांडून ठेवा. डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलनं आणि लग्नं, त्यातच गड्ड्याची यात्रा, त्यामुळे साउंडवाले आणि वादक मिळता मिळत नाहीत. गणपती-नवरात्रात ऑर्केस्ट्राचे वादक रोज रात्री बांधलेले असतात आणि गावात लेझीम-ढोलांपुढे आपलं कोण ऐकणार. फेब्रुवारी, मार्च आणि दिवाळीनंतरचे काही आठवडे आपल्या कामाचे. एप्रिल-मेमध्ये उघड्यावर काही करायचं तर सूर्य मावळल्यावरच.

जॅझमध्ये नेमकं गातात काय? मला सगळी गाणी सारखीच वाटतात.

बऱ्याच जुन्या गाण्यांचा साचा एकच असतो, म्हणून तसं वाटतं. ३२ बारांचं गाणं (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक खण), आठ-आठ बारांचे चार भाग: पहिला, पुन्हा तोच, मग वेगळी चाल असलेला तिसरा (याला ब्रिज म्हणतात), आणि परत पहिला. एका बारात चार मात्रा धरल्या तर आठ बार म्हणजे तीनतालाची दोन आवर्तनं, आणि अख्खी फेरी आठ आवर्तनांची. तबला शिकलेल्याला ही मोजणी एका बैठकीत समजते. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत अशी एक फेरी ६४ सेकंदांत संपते. गायक एक फेरी गातो, वादक एक-दोन फेऱ्या वाजवतात, गायक ब्रिजपासून परत येतो. झालं चार मिनिटांचं गाणं.

दुसरा साचा १२ बारांच्या ब्लूजचा. सा हा मूळ धरला तर चार बार सा च्या कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजवलेले तीन-चार स्वर), दोन म वर, दोन सा वर, एक प वर, एक म वर आणि शेवटचे दोन पुन्हा सा वर. याला लागणारे स्वर सा, कोमल ग, शुद्ध म, तीव्र म, प आणि कोमल नि. तीव्र मध्यम इथे जाता जाता लागतो. त्यावर यमनासारखं थांबलात तर ब्लूज मोडला.

माझं विशारद झालंय. ते उपयोगी पडेल की आडवं येईल?

दोन्ही. उपयोग मोठा आहे: सूर पक्का, श्वास लांब, ऐकून उचलण्याची सवय, आणि जागेवर काहीतरी रचायची भीती गेलेली. सहा-सात वर्षं पेटीवर बसलेल्या मुलीला जे येतं, ते पॉप गाणाऱ्याला शून्यातून शिकवावं लागतं. ठाटही ओळखीचे निघतात. पाश्चात्त्य संगीतातल्या स्वरसंचांच्या नावांनी काफीचे स्वर म्हणजे डोरियन, खमाजचे मिक्सोलिडियन, कल्याणचे लिडियन.

आडवं येतं ते असं. आपल्या सवयीत षड्ज हलत नाही, तानपुरा त्याला धरून असतो. जॅझमध्ये खालची कॉर्ड दर बाराला, कधी दर दोन मात्रांना बदलते आणि तोच स्वर एका कॉर्डवर घरचा आणि पुढच्या कॉर्डवर परका होतो. तानपुरा डोक्यात चालू ठेवून गाणारा सुरात असूनही चुकतो, आणि आपलं नेमकं काय चुकतंय हे त्याला कळत नाही.

यावरचा अभ्यास पेटीवरच करा. पांढरी एकला (सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीला) सा धरा. दोन-दोन स्वर दाबायचे. आधी म आणि वरचा सा. मग म तसाच ठेवून सा च्या जागी नि. मग नि तसाच ठेवून म च्या जागी ग. प्रत्येक वेळी एकच बोट हलतं. जॅझमधल्या सगळ्यात जास्त वापरात असलेल्या तीन कॉर्डचा हा सांगाडा आहे: रे मायनर, प सेव्हन, सा मेजर. पेटीवर हे वाजवत आधी फक्त वरचा हलणारा स्वर गा: सा, नि, नि. मग खालचा: म, म, ग. मग दोन्हींच्या मधून मनाने वाट काढा. रोज १५ मिनिटं, पंधरवडाभर. त्यानंतर पट्टी बदलायची. बाराही पट्ट्यांत हे झालं की कान कॉर्ड ऐकायला लागतो.

दुसरी अडचण मींड आणि खटक्यांची. प्रत्येक स्वरावर खालून घसरत गेलात की भावगीत होतं. एका ओळीत एखाद्याच स्वराला घसरण ठेवायची, बाकीचे सरळ उभे करायचे. तिसरी, समेची. समेवर येऊन जोर देण्याची सवय इतकी खोल असते की प्रत्येक ओळ पहिल्या मात्रेवर आपटते. जॅझमधली ओळ बऱ्याचदा पहिली मात्रा टाळून, अर्धी मात्रा आधी किंवा नंतर उतरते.

पट्टी कशी ठरवायची? मी काळी पाचमध्ये गाते.

काळी पाच ही तुमच्या खयालाची पट्टी झाली. इथे प्रत्येक गाण्याची पट्टी वेगळी, कारण प्रत्येक गाण्याची खालची आणि वरची टोकं वेगळी. एका गाण्याची चाल सा पासून तार ग पर्यंत जाते, ते काळी पाचमध्ये बरोबर बसेल. दुसरं मंद्र पंचमापासून मध्य धैवतापर्यंतच फिरतं. ते काळी पाचमध्ये घेतलंत तर खालचा प इतका खोल जाईल की माइकपर्यंत पोचणारच नाही. त्याला पांढरी दोन घ्या. खालचं टोक चार अर्ध्या सुरांनी वर येतं आणि वरचंही आवाक्यात राहतं.

रीत अशी: आधी गाण्यातला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा स्वर शोधा. खालचा स्वर बोलण्याच्या आवाजात, न दाबता, चार मात्रा धरता यायला हवा. वरचा स्वर तुमच्या कमाल मर्यादेच्या निदान दोन सूर खाली हवा. बहुतेक जॅझ गायिका मधल्या सप्तकाच्या पांढरी एकखाली असलेल्या पांढरी पाचपासून वरच्या पांढरी एक-दोनपर्यंत गातात, म्हणजे बोलीच्या जवळ. शास्त्रीय किंवा फिल्मी सवयीच्या मुलींना हे सुरुवातीला फार खाली वाटतं आणि दमच लागत नाही म्हणून चुकल्यासारखं वाटतं. तसं वाटायलाच हवं.

मग वादकांचा विचार. सोबत ट्रम्पेट, क्लॅरिनेट किंवा टेनर सॅक्सोफोन असेल तर त्यांची वाद्यं काळी पाचच्या हिशेबाने बांधलेली असतात. तुम्ही पांढरी सहा म्हणालात तर ट्रम्पेटवाल्याला पाच तीव्र स्वरांची अवघड पट्टी येते. अर्धा सूर चढवून काळी पाच केलीत तर त्याला सगळ्यात सोपी. अर्ध्या सुराने तुमचं काही बिघडत नाही, त्याचा अख्खा कार्यक्रम सुधारतो.

स्विंग शिकवता येतो का? की तो रक्तातच लागतो?

शिकवता येतो. स्विंग म्हणजे मात्रेच्या लांब-आखूड वाटणीतून गाण्याला येणारा झोका. रक्ताबिक्ताची गोष्ट सोडा.

मोबाइलवर मेट्रोनोम लावा, मिनिटाला ६०. त्याचा प्रत्येक टोला पहिली मात्रा न धरता दुसरी आणि चौथी धरा, म्हणजे गाण्याची लय १२० झाली. टोल्यावर टाळी, मधल्या रिकाम्या जागी पाय. बहुतेकांचा पाय पाच-सहा बारांत घसरतो आणि टोला नकळत पहिल्या मात्रेवर येतो. घसरला की थांबायचं, पुन्हा सुरू करायचं. ३२ बार न घसरता झाले की त्यावर गाण्याचे शब्द नुसते बोला. त्यानंतरच चाल.

मात्रेचे दोन भाग करताना पहिला लांब, दुसरा आखूड. मध्यम लयीत तिस्र जातीच्या जवळ: तीनपैकी दोन वाटे पहिल्याला, एक दुसऱ्याला. लय वाढली की हे दोन भाग जवळजवळ समान होत जातात. द्रुत लयीतही तिस्र पकडून ठेवलं की गाणं घोड्यासारखं दुडकायला लागतं. शिकाऊ गायकाची ही अगदी ठरलेली खूण.

स्कॅट म्हणजे तराणाच ना?

नाही. स्कॅट म्हणजे शब्दांऐवजी अर्थ नसलेल्या अक्षरांत, जागेवर रचत गाणं. पण तराणा येत असेल तर जीभ मोकळी असते. अमेरिकन ट्रम्पेटवादक-गायक लुई आर्मस्ट्राँगच्या १९२६ मधल्या ध्वनिमुद्रणापासून हा प्रकार लोकांच्या कानावर गेला. पुढे एला फिट्झजेराल्ड आणि सारा व्हॉन या गायिकांनी तो वाद्याच्या तोडीला नेला. तराण्यात बोल पखवाज-सतारीकडून आले, इथे ट्रम्पेट-सॅक्सोफोनकडून. म्हणून अक्षरं निवडताना फुंकीचं वाद्य डोळ्यांपुढे ठेवा: लांब स्वराला ‘दू’, ‘बा’, आखूडला ‘दात’, ‘बाप’, जोडून येणाऱ्यांना ‘दूद्ल’, ‘दूबि’. ‘तन देरे ना’ आलं की ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

सुरुवातीला एका फेरीत फक्त तीन स्वर वापरायचे. पुढच्या फेरीत मूळ चालच, पण ताल बदलून. तिसऱ्या फेरीत दोन बार गा, दोन बार गप्प बसा. यातलं गप्प बसणं सगळ्यांना जड जातं, ताना घेणाऱ्यांना जास्तच. पण ते दोन बार सोडल्याशिवाय मागे पियानो काय म्हणतोय ते ऐकू येणार नाही.

इंग्रजी उच्चार कसे सुधारायचे? मराठी माध्यमातल्या मुलांना जमेल का?

जमेल. अमेरिकन आवाज काढायच्या नादी मात्र लागू नका, ते नकली वाटतं.

मराठीत शब्दातल्या सगळ्या अक्षरांना जवळपास सारखं वजन मिळतं, इंग्रजीत नाही. ‘द’, ‘ऑफ’, ‘अ’, ‘टू’ असले शब्द अर्धवट, घाईत निघून गेले पाहिजेत आणि महत्त्वाच्या शब्दावर थांबलं पाहिजे. आपली मुलं प्रत्येक शब्द ठाशीव म्हणतात आणि स्विंग तिथेच मरतो. ओळ कागदावर लिहून जोराच्या शब्दांखाली रेघ मारा, एका ओळीत दोन किंवा तीन. बाकीचे पुटपुटा. दुसरं, ‘ट’ आणि ‘ड’ म्हणताना जीभ टाळूवर मागे न वळवता दातांमागच्या उंचवट्यावर लावा. तिसरं, ‘व्ह’साठी वरचे दात खालच्या ओठाला लागतात आणि ‘व’साठी ओठ गोल होतात. एवढ्या तीन गोष्टींनी ऐकणाऱ्याला शब्द कळायला लागतात.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलांचे शब्द बऱ्याचदा स्वरावर संपतात, म्हणून इंग्रजी शब्दाच्या शेवटी एक ‘उ’ चिकटतो. शेवटचं व्यंजन पुढच्या शब्दाला जोडून म्हणायला लावलं की तो जातो.

वादक कुठून आणायचे?

आहेत ते इथलेच घडवायचे. ऑर्केस्ट्रातले कीबोर्डवादक, चर्चमध्ये वाजवणारे गिटारवादक, आणि ज्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही ते लग्नाच्या बँडमधले ट्रम्पेट-क्लॅरिनेटवाले. त्यांची फुंक आणि ओठांची ताकद अशी असते की चार तास वरातीपुढे वाजवून माणूस उभाच. त्यांना हळू वाजवायला शिकवावं लागतं, एवढंच.

कीबोर्डवादकाला पहिली विनंती: स्टाइल बंद. कीबोर्डमधला तयार ठेका सुरू असला की लय हलत नाही आणि कुणी कुणाचं ऐकत नाही. दुसरी: डाव्या हाताने अख्खी कॉर्ड दाबू नका, वर पेटीवर सांगितलेले दोनच स्वर ठेवा. बास वाजवणारा नसेल तर डावा हात बाससाठी आणि ते दोन स्वर उजव्या हाताला.

प्रत्येक गाण्याचा एकच कागद करा. वर डावीकडे लय (मेट्रोनोमचा आकडा) आणि ढंग (स्विंग, ब्राझिली ठेक्याचा बोसा, संथ), उजवीकडे पट्टी. खाली एका ओळीत चार बार, प्रत्येक बारात कॉर्डचं नाव, आठ बारांनंतर जाड रेघ. शब्द फक्त प्रत्येक भागाच्या सुरुवातीचे. तळाशी दोन गोष्टी ठळक: सुरुवात कशी (बहुधा शेवटचे आठ बार वाजवून) आणि शेवट कसा (बहुधा शेवटची ओळ तीनदा). कार्यक्रमात गाणं मोडतं ते बहुतेक वेळा शेवटाला, आणि शेवट ठरलेला नसतो म्हणूनच मोडतं. गाणं सुरू करताना गायकाने स्वतः मोजून द्यायचं: आधी संथ ‘वन’, ‘टू’, मग दुप्पट ‘वन टू थ्री फोर’. मोजण्याआधी गाण्यातली सगळ्यात घाईची ओळ मनात म्हणून पाहा. ती जीभ न अडखळता बसली तर लय बरोबर आहे.

महाराष्ट्रात जॅझची काही परंपरा आहे का, की सगळं उसनं?

आहे, आणि चांगली नव्वद वर्षांची. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी, टेडी वेदरफोर्ड यांच्यासारखे आफ्रिकन-अमेरिकन वादक वाजवायचे. त्यांचं ऐकून गोव्याचे वादक तयार झाले आणि तेच पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी चिक चॉकलेटसारख्या ट्रम्पेटवादकांना हाताशी धरून जे स्विंग सिनेमात आणलं, ते तुमच्या आजोबांना पाठ असतं. १९७८ मध्ये निरंजन झवेरींच्या पुढाकाराने मुंबईत जॅझ यात्रा सुरू झाली. गायिकांमध्ये मुंबईच्या आशा पुथली, कोलकात्याच्या पॅम क्रेन आणि कोंकणी गाण्यांच्या लॉर्ना ही नावं शोधून ऐका.

मराठी गाणी जॅझच्या अंगाने गायली तर चालतील?

सोलापुरात चालतीलच असं नाही, लागतीलच. तासाभराच्या कार्यक्रमात तीन तरी मराठी हवीत. इथे एक तेलुगू किंवा कन्नड गाणं ठेवलंत तर मागच्या रांगाही जाग्या होतात.

निवड करताना चालीत ठळक वळणं आणि थांबे असलेलं भावगीत घ्या. आलापावर तरंगणारं गाणं कॉर्डमध्ये कोंबू नका. चारच स्वरांत फिरणाऱ्या लोकगीताला ब्लूजचा साचा बरा बसतो. चाल तशीच ठेवून फक्त खालच्या कॉर्ड बदलणं हा पहिला टप्पा. चाल मोडायची ती दुसऱ्या फेरीत, लोकांनी गाणं ओळखल्यावर.

ध्वनिमुद्रण करून ऑनलाइन टाकायचं तर परवानगीचा विषय येतो. भारतात गीतकार-संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, आणि शब्द व चाल या दोन वेगळ्या कृती धरल्या जातात. अमेरिकन संगीतकार जॉर्ज गर्श्विन १९३७ मध्ये गेला, त्याचे शब्द लिहिणारा भाऊ आयरा १९८३ मध्ये. म्हणजे नुसती चाल वाजवणं आणि शब्दांसकट गाणं यांत फरक पडतो.

साउंडवाल्याला नेमकं काय सांगायचं?

पहिलं वाक्य: इको बंद. आपल्याकडे गायक म्हटलं की हात आपोआप इकोच्या बटणावर जातो. आवाज पुन्हा पुन्हा परतून आला की स्विंगची मात्रा पुसली जाते. थोडा रिव्हर्ब (सभागृहासारखी गुंज) चालेल, तोही हुतात्मा स्मृतिमंदिरासारख्या बंद सभागृहात कमी आणि मोकळ्या लॉनवर किंचित जास्त.

माइक साधा डायनॅमिक पुरतो. शुअर एसएम ५८ किंवा त्या जातीचा. स्वतःचा घ्या, मंडपातल्या माइकची जाळी शंभर जणांच्या थुंकीने भरलेली असते. ओठांपासून दोन-तीन बोटांवर धरा. जवळ आणलात की खर्ज वाढतो, संथ गाण्यात तो हवाहवासा वाटतो. वरच्या जोरदार स्वराला वीतभर लांब न्या. जाळी मुठीत धरू नका. रॅपवाले धरतात म्हणून पोरं धरतात, पण मूठ बसली की माइकला मागचा आवाजही ऐकू यायला लागतो आणि शिट्टी सुरू होते. मॉनिटर (गायकाला स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर) माइकच्या बरोबर शेपटीमागे, तुमच्या समोर जमिनीवर. त्यात स्वतःचा आवाज आणि पियानो एवढंच मागा. ड्रमचा आवाज तसाही येतोच. मिक्सरवर गायकाच्या चॅनेलचा ८० ते १०० हर्ट्झखालचा भाग कापायला सांगा, स्टेजचा धडधडाट जातो.

उन्हाळ्यात आवाज बसतो. काय करायचं?

सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे चाळिशीच्या वर पारा आणि कोरडी हवा. यंत्रमागाच्या भागात राहणाऱ्यांना वर कापसाची धूळ. दिवसभर थोडं थोडं पाणी प्या. कार्यक्रमाआधी अर्धा तास तांब्याभर पिऊन उपयोग नाही, कारण पोटातलं पाणी स्वरतंतूंना ओलावा द्यायला वेळ घेतं. वाफ पाच ते दहा मिनिटं, नुसत्या पाण्याची. ज्येष्ठमध चघळल्याने तोंडाला पाणी सुटतं तेवढंच. ते थेट स्वरतंतूंवर पडत नाही, पडलं तर ठसका लागेल.

गळा उघडायला सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे नळी. पेल्यात पाणी घ्या, साधी शीतपेयाची नळी दोन-तीन सेंटिमीटर बुडवा आणि ‘ऊ’ म्हणत बुडबुडे काढा. आधी एकच सूर, मग खालून वर आणि परत असा भोंग्यासारखा घसरता, शेवटी गाण्याची चाल. पाच मिनिटं. बुडबुडे एकसारखे निघाले पाहिजेत; तुटक निघाले तर श्वास ढकलला जातोय. नळी जास्त खोल बुडवली की गळा दाबावा लागतो, मग फायद्याऐवजी तोटा.

शेंगाचटणी-भाकरी सोडा असं सोलापूरकराला कोण सांगणार? पण रात्री अकराला तिखट जेवून लगेच आडवं झालं की आम्ल वर येतं आणि सकाळी घसा खरवडल्यासारखा होतो. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा. आवाज बसलेला असताना कुजबुजणं म्हणजे विश्रांती नव्हे, एकतर हळू बोला नाहीतर गप्प राहा. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घेऊन कार्यक्रमाला उभं राहू नका, स्वरतंतूंत रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. दुखत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. घोगरेपणा तीन आठवडे टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन दुर्बिणीने स्वरतंतू बघून घ्या. गाताना अचानक आवाज गेला किंवा दुखलं तर त्याच दिवशी. गाठी सुरुवातीला सापडल्या तर बऱ्याचदा आवाजाच्या उपचारानेच बऱ्या होतात.

स्वतःची शिकवणी सुरू करायची आहे. कुठून सुरुवात करू?

दहा बाय दहाची खोली, पेटी किंवा कीबोर्ड, आरसा, एक स्पीकर. खोली गुंजत असेल तर भिंतीवर सोलापुरी चादरी टांगा. फोम मागवायची गरज नाही, जाड आणि दुहेरी चादर वरचा किणकिणाट बराच शोषते.

वर्ग ४५ मिनिटांचा. १० मिनिटं नळी आणि ओठांची फुरफुर, १० मिनिटं कान (कॉर्ड ओळखणं, दोन स्वरांतलं अंतर), २० मिनिटं एकाच गाण्यावर, शेवटची पाच मिनिटं घरचा अभ्यास ठरवून फोनवर ध्वनिमुद्रण. एका बॅचमध्ये चारपेक्षा जास्त नको, कारण प्रत्येकाची पट्टी वेगळी आणि कोरसमध्ये चूक लपते. फी महिन्याच्या पाच तारखेआधी, न आलेल्या तासाची भरपाई महिन्यातून एकच. हे पहिल्याच दिवशी कागदावर द्या. तोंडी ठरलेली फी वसूल करण्यात जो वेळ आणि संबंध जातो, तो कुणाच्या हिशेबात नसतो.

मुलांच्या बाबतीत दोन नियम. दहा-बारा वर्षांच्या पोरांकडून मोठ्यांची जोरकस पट्टी काढून घेऊ नका, पालकांनी रिअ‍ॅलिटी शोचा व्हिडिओ दाखवला तरी. आणि मुलाचा आवाज फुटायला लागला (साधारण १२ ते १५) की गाणं बंद करू नका, पट्टी खाली आणा, आवाका लहान ठेवा, दर महिन्याला पट्टी नव्याने तपासा. अल्पवयीन विद्यार्थ्याच्या तासाला दार उघडं ठेवा किंवा पालकांना बसू द्या.

ऑनलाइन शिकवताना एकत्र गायचा प्रयत्न सोडून द्या, आवाज पोचायला उशीर होतो आणि लय कधीच जुळत नाही. विद्यार्थ्याने त्याच्या बाजूला साथीचा ट्रॅक लावून गायचं, तुम्ही ऐकायचं. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ सुरू करायला लावा, नाहीतर लांब धरलेला स्वर तो गोंगाट समजून कापून टाकतो.

कुठली परीक्षा द्यावी?

जॅझ गायनाची म्हणून सोपी वाट नाही. एबीआरएसएम आणि ट्रिनिटी ही लंडनची परीक्षा घेणारी मंडळं. एबीआरएसएमच्या जॅझ परीक्षा वाद्यांच्या आहेत. ट्रिनिटीच्या रॉक अँड पॉप गायनाच्या श्रेणी त्यातल्या त्यात जवळच्या. गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा-विशारद असेल तर पालकांचा विश्वास बसतो, तेवढ्यासाठीही ती कामाची आहे. कार्यक्रम देणारा मात्र प्रमाणपत्र विचारत नाही, दोन मिनिटांचा व्हिडिओ मागतो.

मानधन किती सांगायचं?

आकडा गावाप्रमाणे बदलतो, हिशेबाची रीत बदलत नाही. समजा, चौघांच्या कार्यक्रमाचे ४०,००० ठरले. तीन वादकांना आठ-आठ हजार, म्हणजे २४,०००. दोघं पुण्याहून येणार, त्यांचा प्रवास-मुक्काम-जेवण ७,५००. सरावाच्या खोलीचे १,५००. उरले ७,०००, आणि त्यात तुमची गाणी बसवण्याची, फोनाफोनीची मजुरी धरलेलीच नाही. आता तोच कार्यक्रम एका स्थानिक गिटारवादकाबरोबर १८,००० ला घ्या. त्याचे ७,०००, किरकोळ खर्च १,०००, हातात १०,०००. म्हणून चौघांचा संच वर्षातून थोड्याच मोठ्या कार्यक्रमांना न्यायचा. रोजची भाकरी दोघांच्या जोडीतून.

अर्धी रक्कम तारीख पक्की करताना घ्या, उरलेली स्टेजवर चढण्याआधी. कार्यक्रमानंतर यजमान जेवत असतो आणि मॅनेजर सापडत नाही. कंपन्या आणि हॉटेलं बहुधा १० टक्के टीडीएस कापतात. तो आयकर खात्याकडच्या तुमच्या कर-नोंदीत (२६एएस) दिसतो का ते बघा आणि विवरणपत्र भरून परत मागा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवांसाठी जीएसटीची नोंदणी सहसा लागत नाही.

परवाने कुणी काढायचे?

आयोजकाने, आणि ते करारात लिहून घ्या. दुसऱ्यांची गाणी जाहीर कार्यक्रमात गायची तर आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी संस्था) परवाना लागतो. उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला पोलिसांची परवानगी लागते आणि रात्री १० नंतर तो बंद. वर्षातल्या मोजक्या दिवशी सरकार १२ पर्यंत सवलत देतं, पण ते दिवस सणांना जातात, आपल्याला नाही. सोलापुरात निमंत्रणावर सात लिहिलं की लोक आठला येतात, हे धरून दोन तासांचा कार्यक्रम आखा.

पहिल्या कार्यक्रमाला किती गाणी तयार हवीत?

४५ मिनिटांच्या एका भागाला नऊ-दहा, आणि दोन जास्तीची. पहिलं मध्यम लयीचं, आवाजाच्या मधल्या पट्ट्यातलं, कारण तेवढ्यात साउंडवाला पातळी जुळवत असतो. सगळ्यात अवघड गाणं चौथं किंवा पाचवं. दोन संथ गाणी लागोपाठ नकोत, एकाच पट्टीतली तीन लागोपाठ नकोत. ब्लूज शेवटून दुसरा ठेवा: तो हवा तितका लांबवता येतो, आणि पाहुण्यांचं भाषण लांबलं तर दोन फेऱ्यांत आटपताही येतो. गाण्यांचे कागद वादकांना आठवडाभर आधी पाठवा, आणि त्या दिवशी छापील प्रती चिमट्यांसकट न्या. लॉनवर पंखे असतात.